पत्रकार आणि जनसंपर्क : एका बदलत्या नात्याची चिकित्सा (विशेष संदर्भ : सोलापूर)

प्रास्ताविक

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या पत्राला 'दर्पण' असे नाव दिले. समाजाला त्याचे स्वतःचे प्रतिबिंब दाखविणे हे वृत्तपत्राचे कार्य होय, ही भूमिका त्या नावातच अंतर्भूत होती. आज सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या कोणत्याही दैनिकाचे स्थानिक पान उघडले असता आरसा अद्याप जागेवर आहे असे वाटते. परंतु त्या पानावरील मथळे सलग वाचत गेल्यास एक वेगळीच बाब लक्षात येते. 'कार्यशाळा उत्साहात संपन्न', 'अध्यक्षपदी बिनविरोध निवड', 'गुणवंतांचा सत्कार', 'स्तुत्य उपक्रम' अशा मथळ्यांखालील मजकूर बहुतांशी त्या त्या संस्थेनेच लिहून पाठविलेला असतो. घटनास्थळी वार्ताहर गेलेलाच नसतो. आरशात जे दिसते ते दिसणाऱ्यानेच रंगवून पाठविलेले चित्र असते, आणि वाचकाला मात्र ते प्रतिबिंब म्हणून दाखविले जाते.

या स्थितीविषयी दोन मते सामान्यतः ऐकू येतात. पत्रकारितेचा ऱ्हास झाला असून जनसंपर्काने तिला गिळंकृत केले आहे, असे पहिले मत सांगते. दुसऱ्या मतानुसार पत्रकार आणि जनसंपर्क व्यावसायिक परस्परपूरक असून त्यांच्यात विरोध पाहणे हे जुनाट दृष्टीचे लक्षण आहे. ही दोन्ही मते अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जनसंपर्काचे अस्तित्व हा दोष नव्हे. प्रसिद्धीपत्रक हे पाठविणाऱ्याच्या नावानिशी, म्हणजे एका अर्थी त्याच्या सहीनिशी, वृत्तपत्राच्या कार्यालयात येते. ती सही पुसून त्याच मजकुराला 'प्रतिनिधीकडून' वा 'वार्ताहराकडून' असे नाव देण्याची क्रिया वृत्तपत्राच्या कार्यालयातच घडते. या दोन व्यवसायांच्या नात्यातील खरा बदल या पुसण्यात आहे, आणि ते पुसणे ज्यांच्या सोयीचे आहे त्यांत आपली महाविद्यालयेही मोडतात.

प्रस्तुत विवेचन मुद्रित मराठी वृत्तपत्रांपुरते आणि जिल्हा पातळीवरील व्यवहारापुरते मर्यादित आहे. वाहिन्यांचा विचार येथे केलेला नाही.

१. पूर्वपीठिका : उघड बाजू घेणारे पत्र

एके काळी पत्रकारिता निर्भेळ होती आणि पुढे जनसंपर्काने ती भ्रष्ट केली, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थान सरकारने युद्धविषयक प्रसिद्धीसाठी मध्यवर्ती प्रसिद्धी मंडळ स्थापन केले, तेव्हा त्याचे प्रमुखपद 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक सर स्टॅन्ले रीड यांच्याकडे देण्यात आले होते. म्हणजे शासकीय प्रसिद्धियंत्रणेचा आपल्याकडील पहिला सूत्रधार हा मुंबईचा एक कार्यरत संपादकच होता. पत्रकार आणि प्रसिद्धी अधिकारी यांच्यातील सीमारेषा आरंभीपासूनच पुसट होती, हे यावरून स्पष्ट होते.

सोलापूरची परंपरा याच्या नेमकी उलट टोकाची होती. 'कल्पतरु आणि आनंदवृत्त' या एकोणिसाव्या शतकातील पत्रापासून रामभाऊ राजवाडे यांच्या 'कर्मयोगी'पर्यंत या शहरात पत्र चालविणे म्हणजे सार्वजनिक कार्यात भूमिका घेणे असेच समीकरण होते. १९३० च्या मे महिन्यात येथे लष्करी कायदा जारी झाला आणि तो जूनअखेरपर्यंत चालू राहिला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. त्यांपैकी कुर्बान हुसेन हे 'गझनफर' या पत्राचे संपादक होते. शहरातील चार हुतात्म्यांपैकी एक संपादक असावा, ही बाब सोलापूरच्या पत्रकारितेचा विचार करताना विसरून चालणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळातील पत्रे तटस्थ नव्हती. ती चळवळीची पत्रे होती, आणि आजच्या परिभाषेत त्यांतील बराचसा मजकूर प्रचार या सदरात मोडेल. तरीही त्या पत्रांनी वाचकाची फसवणूक केली असे कोणी म्हणत नाही. याचे कारण असे की, पत्र कोणाचे आहे आणि ते कोणाची बाजू मांडते हे वाचकाला ठाऊक असे. बाजू घेणे आणि बाजू लपविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

२. जनसंपर्काचे व्यवसायीकरण आणि जुना समतोल

जनसंपर्क हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून भारतात विसाव्या शतकाच्या मध्यास आकारास आला. टाटा उद्योगसमूहाने १९४३ मध्ये मुंबईत जनसंपर्क विभाग सुरू केला. १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत या क्षेत्रातील पहिली अखिल भारतीय परिषद सुरू झाली आणि तोच दिवस पुढे राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जाऊ लागला. महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, त्याचे 'लोकराज्य' हे मासिक आणि प्रत्येक जिल्ह्यातील जिल्हा माहिती कार्यालय अशी शासकीय यंत्रणा उभी राहिली.

या व्यवसायाची नैतिक बैठक कोणती होती, हेही पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील आयव्ही ली यांनी १९०६ मध्ये आपल्या कामाची तत्त्वे जाहीर केली. आपले काम गुप्त नसून उघड आहे, आपण पुरवितो ती माहिती आहे व जाहिरात नव्हे, आणि कोणत्याही संपादकास अधिक तपशील हवा असल्यास तो पडताळून पाहण्यास आपण साहाय्य करू, असा त्यांचा आशय होता. प्रत्यक्ष व्यवहारात ली यांनी ही तत्त्वे कितपत पाळली यावर पुष्कळ वाद झालेला आहे. तथापि तत्त्व म्हणून पाहता, माहिती कोणाकडून येते हे उघड असावे, ही अट जनसंपर्काने स्वतःच स्वतःवर घालून घेतलेली होती.

सोलापूरसारख्या ठिकाणी बराच काळ या दोन व्यवसायांत एक प्रकारचा समतोल होता. जिल्हा माहिती कार्यालयातून चक्रमुद्रित केलेली पत्रके येत. त्यांवर कार्यालयाचे नाव, दिनांक व वृत्त क्रमांक असे. सहकारी साखर कारखाने, बँका, नगरपालिका यांची पत्रके वृत्तपत्राच्या कार्यालयात आणून दिली जात. उपसंपादक त्यातील विशेषणे कापी, चार परिच्छेदांचा एक परिच्छेद करी, आणि शंका आल्यास संबंधित विभागाच्या वार्ताहराकडे ते पत्रक सोपवी. माहिती अधिकाऱ्यास जागा हवी असे व वार्ताहरास माहिती हवी असे. दोघांची रोजची ओळख असे, चहापाणीही होई. परंतु कोण कोणत्या बाजूस बसला आहे हे दोघांसही ठाऊक असे.

या समतोलाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. शासकीय दौऱ्यांतील पाहुणचार, अधिस्वीकृतीसोबत येणाऱ्या सवलती, सणासुदीच्या भेटी आणि शासकीय जाहिरातींवरील छोट्या पत्रांचे अवलंबित्व हे सर्व त्या काळातही होतेच. फरक इतकाच की, कापणारा हात वृत्तपत्राचा होता आणि त्याला कापण्यासाठी वेळ होता.

३. माहितीचे अनुदान

१९९१ नंतरच्या काळात हा समतोल ढळला. मोठ्या दैनिकांनी जिल्हावार आवृत्त्या काढल्या, पानांची संख्या वाढली, रंगीत छपाई आली, तालुक्यांसाठी स्वतंत्र पाने राखली जाऊ लागली. मात्र पाने ज्या गतीने वाढली त्या गतीने वार्ताहर वाढले नाहीत. वाढलेली पाने भरावयाची कशाने, हा प्रश्न निर्माण झाला आणि त्याचे उत्तर प्रसिद्धीपत्रकाने दिले.

ऑस्कर गँडी या अमेरिकन अभ्यासकाने १९८२ मध्ये यासाठी 'माहितीचे अनुदान' ही संकल्पना मांडली. बातमी मिळविण्यास खर्च येतो. ज्या संस्थेजवळ साधने असतात ती संस्था हा खर्च स्वतः सोसून तयार माहिती वृत्तपत्रास फुकट पुरविते. वृत्तपत्राचा खर्च वाचतो आणि त्या बदल्यात समाजाने कशाची चर्चा करावी हे ठरविण्यात अनुदान देणाऱ्याचा वाटा वाढतो. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तेथील प्रतिष्ठित दैनिकांतील बातम्या तपासल्या असता सुमारे ६० टक्के बातम्या पूर्णतः किंवा मुख्यतः वृत्तसंस्थांच्या वा जनसंपर्काच्या मजकुरावर आधारलेल्या आढळल्या. निक डेव्हिस यांनी २००८ मध्ये आपल्या ग्रंथातून हे निष्कर्ष सर्वांसमोर आणले. मनुष्यबळ व साधने यांनी समृद्ध असलेल्या लंडनच्या दैनिकांची ही स्थिती असेल, तर बार्शी, करमाळा वा मंगळवेढा येथून बातम्या पाठविणाऱ्या तालुका वार्ताहराकडून वेगळी अपेक्षा कशी करावी?

या तालुका वार्ताहराचे स्थान स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे. पत्रकारांच्या वेतनासाठी नेमलेल्या मजिठिया मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या व सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरविल्या. परंतु मानधनावर वा मानधनाविना काम करणारा ग्रामीण वार्ताहर त्यांच्या कक्षेत क्वचितच येतो. त्याची प्राप्ती प्रामुख्याने जाहिरातींवरील कमिशनमधून होते. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, कारखान्याच्या गळीत हंगामाची जाहिरात, दिवाळी अंकातील शुभेच्छा हे सर्व त्यानेच मिळवावयाचे असते. सकाळी ज्याच्याकडे जाहिरात मागावयाची त्याच्याविरुद्ध सायंकाळी बातमी लिहावयाची, असा हा पेच आहे. येथे पत्रकार आणि जनसंपर्क व्यावसायिक ही दोन माणसे उरतच नाहीत. एकाच माणसाच्या दोन खिशांत ती सामावतात. या माणसाच्या नीतिमत्तेवर प्रवचन करणे सोपे आहे, परंतु ही व्यवस्था त्याने निर्माण केलेली नाही.

वरच्या पातळीवर हीच गोष्ट अधिक पद्धतशीरपणे घडली. टाइम्स समूहाने २००३ मध्ये 'मीडियानेट' या नावाने पुरवण्यांतील मजकुरासाठी शुल्क आकारण्याची रीतसर व्यवस्था केली. २००५ मध्ये 'प्रायव्हेट ट्रीटीज' ही योजना आली. तीत कंपन्यांच्या भागभांडवलाच्या बदल्यात जाहिरातींची जागा देण्यात येऊ लागली. ज्या कंपनीचे समभाग वृत्तपत्राच्या मालकाजवळ आहेत तिच्याविषयीची बातमी वाचकाने कोणत्या विश्वासाने वाचावी, हा प्रश्न त्यानंतर सतत विचारला गेला आहे.

४. २००९ : सही पुसण्याचा कळसाध्याय

या प्रक्रियेचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १३ ऑक्टोबर २००९ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. त्यानंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' या दैनिकात लेखमाला लिहून पैसे घेऊन छापलेल्या निवडणूक बातम्यांचा प्रश्न उपस्थित केला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची प्रशंसा करणारा शब्दशः एकच मजकूर तीन परस्परस्पर्धी मराठी दैनिकांत वेगवेगळ्या दिवशी बातमी म्हणून प्रसिद्ध झाल्याचे त्यांनी ३० नोव्हेंबर २००९ च्या लेखात दाखवून दिले. एकमेकांशी चुरस करणाऱ्या तीन कार्यालयांतील तीन लेखणींतून स्वल्पविरामासह एकच परिच्छेद उतरावा, हे संभवत नाही. मजकुराचा जनक एकच होता, आणि तो कोण हे तिन्ही ठिकाणी वाचकापासून झाकलेले होते.

पुढील घटनाक्रम अनेकांस स्मरत असेल. भारतीय वृत्तपत्र परिषदेने परंजय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने सविस्तर अहवाल सादर केला. मात्र परिषदेने जुलै २०१० मध्ये संक्षिप्त अहवाल स्वीकारला आणि वृत्तपत्रांच्या नावांसह असलेला मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये सर्वांना उपलब्ध झाला. उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांना अशा मजकुराचा खर्च न दाखविल्याबद्दल निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. चव्हाण यांच्या प्रकरणी मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा चौकशीचा अधिकार मान्य केला, जुलैमध्ये आयोगाने त्यांच्या खर्चाच्या हिशेबाविरुद्ध निर्णय दिला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. विधी आयोगाने २०१५ मधील आपल्या २५५ व्या अहवालात पैसे घेऊन बातमी छापण्यास निवडणूकविषयक गुन्हा मानावे अशी शिफारस केली.

या घटनाक्रमातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पैसे दिले-घेतले हे सिद्ध करणे कायद्यास अत्यंत अवघड जाते, कारण व्यवहाराची पावती नसते. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. पैशाचा व्यवहार झाला असो वा नसो, वाचकाच्या दृष्टीने अन्याय पूर्ण झालेलाच असतो. उत्साहाने फुकट छापलेले प्रसिद्धीपत्रक आणि मोल घेऊन छापलेले प्रसिद्धीपत्रक यांत मालकाच्या हिशेबवहीत भेद असेल, वाचकाच्या हाती येणाऱ्या पानावर तो नसतो. या प्रश्नाची चर्चा आपण पैशापुरती मर्यादित केली आणि त्यामुळे पैशावाचून चाललेल्या त्याच क्रियेकडे आपले दुर्लक्ष झाले.

निवडणुकीच्या काळात अशा बातम्यांवर लक्ष ठेवण्यासाठी आता जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. जिल्हा माहिती अधिकारी वा त्याच्या समकक्ष अधिकारी हा तिचा सदस्य-सचिव असतो. बातमी व प्रसिद्धी यांतील सीमारेषा ठरविण्याच्या कामी शासनाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याची नेमणूक व्हावी, यातील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अर्थात या अधिकाऱ्याइतके प्रसिद्धीपत्रक ओळखणारा दुसरा कोण असणार, असेही म्हणता येईल.

५. नात्याची उलटलेली दिशा

गेल्या दशकभरात या नात्यात आणखी एक पालट झाला आहे. पूर्वी जनसंपर्क अधिकारी वृत्तपत्राच्या दारी जात असे. आता प्रत्येक पुढारी, कारखाना, रुग्णालय व शिक्षणसंस्था यांचे स्वतःचे प्रसिद्धीप्रमुख आहेत. व्हॉट्सॲप गटावर मथळा, छायाचित्र, छायाचित्रओळ आणि युनिकोडमधील मजकूर असा सर्व ऐवज दुपारी चारच्या आत येऊन पडतो. पाने लावणाऱ्याने तो उचलून ठेवावयाचा, इतकेच काम उरते. शिवाय संस्थेला वृत्तपत्राची पूर्वीइतकी गरजही राहिलेली नाही; स्वतःच्या फेसबुक पानावरून वा यूट्यूब वाहिनीवरून ती थेट लोकांपर्यंत पोहोचते. अनेक अनुभवी पत्रकार अधिक स्थिर उत्पन्नासाठी या क्षेत्रात गेले आहेत. बातमी कशी लिहावी हे ज्यांना उत्तम कळते तेच आता पत्रके लिहितात. त्यामुळे पत्रक आणि बातमी यांची भाषाही एक झाली आहे. नीरा राडिया यांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांतील काही भाग नोव्हेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दिल्लीतील नामांकित पत्रकार आणि उद्योगसमूहांच्या जनसंपर्क सल्लागार यांच्यातील सलगी देशाने ऐकली. जिल्ह्याच्या ठिकाणी तशी सलगी ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रणाची आवश्यकता नाही. ती पानावर वाचता येते.

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या अखत्यारीत माध्यम संनियंत्रण केंद्र उभारण्यास मान्यता दिली. त्यासाठी १० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आणि बातम्यांचे सकारात्मक, नकारात्मक असे वर्गीकरण करणे हे त्याच्या कामांत समाविष्ट आहे. शासनाने आपल्याविषयी काय छापून येते ते पाहावे यात गैर काही नाही. कात्रणे काढण्याची पद्धत जुनीच आहे. तथापि पूर्वी पत्रकार जनसंपर्काचा मजकूर तपासत असे, आता जनसंपर्क यंत्रणा पत्रकाराचा मजकूर तपासते, ही दिशा नोंदविण्यासारखी आहे.

याचा परिणाम नागरिकांच्या जीवनावर कसा होतो, हे सोलापूरच्या दोन उदाहरणांवरून पाहता येईल. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली. त्यानंतर कित्येक वर्षे 'स्मार्ट' हे विशेषण रस्ते, बागा, दिवे यांच्या बातम्यांतून अविरत छापले गेले. त्याच काळात उजनी धरण भरलेले असतानाही शहराच्या मोठ्या भागात तीन-चार दिवसांआड पाणी येत होते. पाण्याच्याही बातम्या आल्या, नाही असे नाही. परंतु त्या वेगळ्या पानावर, वेगळ्या दिवशी आल्या. एकाच शहराविषयीची ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवून प्रश्न विचारणे हे काम पत्रक करणार नाही. ते वार्ताहरानेच करावयाचे असते. दुसरे उदाहरण कुंभारीच्या रे नगरचे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले आदी असंघटित श्रमिकांसाठीच्या या वसाहतीतील १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. पत्रकात घरांची संख्या आणि मान्यवरांची नावे असतात. विडी वळणाऱ्या स्त्रीला नव्या घरापासून कारखान्यात माल पोहोचविण्यास किती भाडे पडते, कर्जाचा हप्ता किती आणि तो कशातून फेडला जातो, हे त्यात असू शकत नाही. पत्रक खोटे नसते. ते जेथे थांबते तेथून पत्रकारिता सुरू व्हावयास हवी, आणि ती तेथे सुरू होत नाही.

६. महाविद्यालये : तिसरा भागीदार

या विषयावर लिहिताना आपण प्राध्यापक स्वतःस परीक्षकाच्या आसनावर बसवितो. वस्तुस्थिती वेगळी आहे. जिल्ह्यातील प्रसिद्धीपत्रकांच्या प्रमुख उत्पादकांत महाविद्यालयांचा समावेश होतो. प्रत्येक महाविद्यालयात प्रसिद्धी समिती असते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद १९९४ मध्ये स्थापन झाली आणि मूल्यांकनाची पद्धत रुळल्यानंतर उपक्रमाचा पुरावा म्हणून वृत्तपत्रीय कात्रणे जपून ठेवण्याची प्रथा सर्वत्र पडली. आपणच लिहिलेला मजकूर वृत्तपत्रात छापून येतो, त्याचे कात्रण आपण फाइलला लावतो आणि बाहेरच्या साक्षीदाराने दिलेली ग्वाही म्हणून ते समितीसमोर ठेवतो.

प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयाच्या प्रसिद्धी समितीत काही वर्षे काम केले आहे. एका राज्यस्तरीय चर्चासत्राची बातमी पानात लागावी म्हणून उद्घाटनापूर्वीच तयार करून दुपारी वृत्तपत्रांकडे पाठविण्यात आली. बीजभाषक येऊ शकले नाहीत. सत्र दुसऱ्याच वक्त्याने पार पाडले. दुरुस्तीचा निरोप देण्याचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी न आलेल्या पाहुण्यांचे न झालेले भाषण त्यांच्या 'प्रतिपादना'सह छापून आले. सभागृहात उपस्थित असलेल्या दीडशे प्राध्यापकांपैकी एकानेही वृत्तपत्राला वा महाविद्यालयाला त्याविषयी पत्र लिहिले नाही. ते कात्रण फाइलमध्ये लागले. ती बातमी लिहिणारा हात प्रस्तुत लेखकाचाच होता, म्हणून ही नोंद येथे करणे त्यास आवश्यक वाटते.

जनसंपर्क क्षेत्राने मात्र या बाबतीत स्वतःची चिकित्सा केलेली आहे. छापून आलेल्या बातमीने व्यापलेली जागा मोजून तिचे जाहिरातीच्या दराने मूल्य काढण्याची पद्धत त्या व्यवसायात दीर्घकाळ रूढ होती. जून २०१० मध्ये बार्सिलोना येथे व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ही पद्धत जनसंपर्काचे मूल्य दर्शवीत नाही असे जाहीर केले. व्यावसायिकांनी सोडून दिलेले माप विद्याक्षेत्राने कवटाळून धरावे, हे आपल्यासाठी भूषणावह नाही. शिवाय आपल्या अनेक अभ्यासक्रमांत पत्रकारिता व जनसंपर्क एकाच छत्राखाली शिकविले जातात. त्यात गैर काही नाही. परंतु बातमीलेखन आणि प्रसिद्धीपत्रकलेखन या दोन तासांच्या मध्ये पत्रकाची तपासणी कशी करावी, हा तिसरा तास सहसा नसतो.

७. आक्षेप आणि काही सूचना

प्रसिद्धीपत्रकाविना वृत्तपत्र चालणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. आषाढी वारीच्या काळात पंढरपुरातील वाहतुकीचे मार्ग, दर्शनरांगेची व्यवस्था, पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना, लसीकरणाची ठिकाणे ही माहिती पत्रकाद्वारेच वेळेवर पोहोचते. ज्या बचतगटाकडे वा वाचनालयाकडे कोणताही वार्ताहर फिरकत नाही, त्यांना समाजासमोर येण्याचा तोच एक मार्ग असतो. म्हणून पत्रक नाकारावे असे येथे सुचवावयाचे नाही; त्यावरची सही राखावी, इतकेच म्हणणे आहे.

त्या दृष्टीने काही गोष्टी विनाखर्च करता येण्यासारख्या आहेत. ज्या बातमीचा आधार केवळ पत्रक आहे तिच्या आरंभी वा शेवटी 'प्रसिद्धीपत्रकावरून' अशी स्पष्ट नोंद वृत्तपत्राने करावी. महत्त्वाच्या पत्रकाबाबत निदान एक प्रश्न पाठविणाऱ्याला आणि एक प्रश्न त्या विषयाची झळ पोहोचणाऱ्या व्यक्तीला विचारल्याखेरीज ते 'प्रतिनिधीकडून' या नावे छापू नये. जाहिरात मिळविणे आणि बातमी देणे ही कामे एकाच व्यक्तीकडे ठेवू नयेत; ही अपेक्षा खर्चिक आहे हे मान्य करूनही ती नोंदविणे आवश्यक आहे. महाविद्यालयांनी कार्यक्रम झाल्यानंतरच पत्रक पाठवावे, त्यावर लिहिणाऱ्याचे नाव द्यावे आणि स्वतः पाठविलेल्या मजकुराची कात्रणे मूल्यांकनाच्या फाइलमध्ये स्वतंत्र ठेवावीत. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना एका आठवड्याची पत्रके व त्यांवरून छापलेल्या बातम्या शेजारी ठेवून काय बदलले, काय गळले व कोणाचे नाव पुसले गेले हे तपासण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याच प्रसिद्धी समितीच्या कपाटात उपलब्ध आहे.

समारोप

पत्रकार आणि जनसंपर्क व्यावसायिक यांचे नाते विरोधाकडून सहकार्याकडे गेले, असे वर्णन पाठ्यपुस्तकांतून केले जाते. सोलापूरच्या अनुभवावरून पाहता ते नाते ओळखीकडून अनोळखीपणाकडे गेले आहे असे म्हणावे लागते. दोघे परस्परांना अनोळखी झाले नाहीत. वाचकाला मात्र त्या दोघांतील कोण बोलत आहे हे ओळखता येईनासे झाले. 'गझनफर'च्या वाचकाला आपल्या हातातील पत्र कोणाचे आहे हे कळत होते, आणि त्याच्या संपादकाने आपली बाजू लपविली नव्हती. आजच्या वाचकाला तेवढे तरी कळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती पूर्ण करण्याचा आरंभ वृत्तपत्राच्या कार्यालयात व्हावयास हवा हे खरेच. परंतु उद्या दुपारी जे पत्रक आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडेल, त्यापासूनही तो करता येईल.